सुताराचा तिसरा हात

लाकडावरील कोरीव कामाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टींपासून प्रारंभ करतो : एक लाकूड आणि दुसरी हत्यार. साग कोठून आला, शिसव कोठें मिळे, पटाश्या किती प्रकारच्या, नक्षी कोणत्या वळणाची, या सर्वांचा तो झाडा घेतो. परंतु पटाशीवर हातोडा पडतो त्या क्षणीं तें लाकूड जागचें हलत कां नाहीं, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. डाव्या हातांत पटाशी, उजव्या हातांत हातोडा. मग लाकूड कोणाच्या हातांत? या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या रीतीनें दिलें, आणि त्या उत्तरावरून त्या त्या देशांतील कारागिराचें समाजांतील स्थानहि पुष्कळ अंशीं ओळखतां येतें. प्रस्तुत लेखांत वऱ्हाडचें उदाहरण पुढें ठेवून या तिसऱ्या हाताचा थोडासा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे.

विषय क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं आपल्या घरांतील विळीकडे एकदां पाहावें. विळीचा पाट पायाखालीं दाबलेला असतो, म्हणून दोन्ही हात भाजीस मोकळे सांपडतात. हत्यार स्थिर आणि जिन्नस फिरता, अशी ती योजना. पाश्चात्य स्वयंपाकघरांत याच्या उलट फळीवर जिन्नस स्थिर आणि सुरी फिरती. सुतार दुसऱ्या पक्षाचा; तो हत्यार फिरतें ठेवतो आणि लाकूड स्थिर करतो. परंतु तें स्थिर करण्यासाठीं तो विळीवर बसणाऱ्या गृहिणीप्रमाणेंच पायाचा आश्रय घेतो. दोघांसहि एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही कीं, हात दोनच आहेत आणि काम तिघांचें आहे.

लाकूड धरण्याच्या कोणत्याहि युक्तीकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली, घाव बसतांना लाकूड हलूं नये. तें हललें तर घावाचें कांहीं बळ फुकट जातें एवढेंच नव्हे, तर पटाशी घसरून ती धरणाऱ्याच्या हातांत शिरते. दुसरी, धरण्यामुळें लाकडास इजा होऊं नये. नाहींतर एका बाजूची नक्षी पुरी करतांना दुसऱ्या बाजूची चिरडली जावयाची. तिसरी, लाकूड हवें तेव्हां चटकन् फिरवितां यावें. कारण लाकडाचे तंतू ज्या दिशेनें गेले असतील त्या दिशेकडे पाहून प्रत्येक घावाचा रोख बदलावा लागतो. उलट्या दिशेनें पटाशी चालविली कीं कपचा निघतो आणि फुलाची पाकळी गळून पडते. या तीन अपेक्षांचें एकमेकींशीं पटत नाहीं. जें अत्यंत घट्ट धरतें तें लवकर सोडीत नाहीं, आणि जें लवकर सोडतें तें तितकें घट्ट धरीत नाहीं. लाकूड धरण्याच्या साधनांचा सर्व इतिहास म्हणजे या भांडणांत काढलेल्या तडजोडींचा इतिहास होय.

या तडजोडी फार जुन्या आहेत. इजिप्तमधील रेख्मिरे नांवाच्या वजीराच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वीं सुमारें १५ व्या शतकांत काढलेलीं चित्रें आहेत. त्यांत एक कारागीर उभ्या खांबास फळी दोरखंडानें जखडून ती करवतीनें कापीत आहे. जर्मनींतील सालबुर्ग येथील रोमन छावणीच्या विहिरींतून निघालेला सुतारकामाचा बाक इसवी सनाच्या २ ऱ्या शतकांतील आहे. न्युरेंबर्ग येथें १५०५ सालीं तयार झालेल्या एका हस्तलिखितांत मळसूत्राचा शिकंजा बसविलेला बाक चितारलेला आढळतो. पुढें १८ व्या शतकांत रूबो नांवाच्या फ्रेंच सुतारानें आपल्या धंद्यावर मोठा ग्रंथ लिहिला; तो १७६९ पासून भागाभागांनीं निघाला. त्यांतील जाडजूड बाकाच्या भोंकांत एक वांकडा लोखंडी गज ठोकून बसविला कीं तो लाकडास वरून दाबून धरतो, आणि मागून टोला दिला कीं सुटतो. युरोपांतील कारागीर उभ्यानें काम करूं लागला तो या बाकाच्या आधारानें. जपानांत मात्र उत्तम सुतारकाम बैठकीवर बसून व पायाचा उपयोग करून होत आलें आहे, हेंहि येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

हिंदुस्थानांत आलेल्या युरोपियन प्रवाशांस आपल्याकडील सुतार भुईवर बसलेला पाहून मोठें नवल वाटे. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाचें हिंदुस्थानविषयक पुस्तक १७८२ सालीं प्रसिद्ध झालें. इकडील सुताराजवळ थोडींच हत्यारें असतात, जमीन हाच त्याचा कारखाना आणि पाय हीच त्याची पकड, असें त्याचें निरीक्षण आहे. तें अगदीं बरोबर आहे. परंतु त्यास जोडूनच, आपल्या देशांतील कारागीर थोड्या दिवसांत उरकील त्या कामास इकडे फार दिवस लागतात, असाहि शेरा त्यानें मारला आहे. हा शेरा पुढें पुष्कळांनीं उचलला आणि भुईवर बसणें व मागासलेलें असणें या दोन गोष्टी जणूं एकच आहेत अशी समजूत रूढ झाली. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें तर त्या सुताराच्या पायाकडे जरा जवळून पाहिलें पाहिजे.

वऱ्हाडांतील सुतार, किंवा तिकडील बोलींत वाढई, हा बलुतेदार. नांगर, वखर, तिफन, डवरा हीं शेतीचीं सर्व अवजारें त्याच्या हातचीं. त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वाटा मिळावयाचा. त्याचें काम एका जागीं बसून होणारें नव्हतें. पेरणीच्या तोंडावर तिफनीचा फण ढिला झाला तर शेतकऱ्याच्या अंगणांत, वखर मोडला तर धुऱ्यावर, लग्नघरीं चौरंग हवा तर त्या घरच्या ओसरीवर, असा त्याचा कारखाना फिरता असे. वांकस, करवत, पटाश्या, रंधा, सामता एवढें सामान पिशवींत मावतें. दोन माणसांनीं उचलावा असा बाक कोण बरोबर नेणार? बाकास आधीं दुकान लागतें, दुकानास गिऱ्हाइकानें आपल्या पायांनीं चालत यावें लागतें. जेथें कारागिरासच गिऱ्हाइकाच्या दारीं जावयाचें, तेथें त्याच्यापाशीं सदैव असणारा बाक एकच, आणि तो म्हणजे त्याचें स्वतःचें शरीर. भुईवर बसण्याचें मूळ अज्ञानांत नसून या व्यवस्थेंत आहे.

शिवाय हा पाय म्हणजे नुसतें ओझें नव्हे. उकिडवें बसून एका तळव्यानें फळी दाबावयाची, दुसऱ्या पायाच्या टांचेनें तिची मागची कड अडवावयाची, आणि आंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत बारीक तुकडा धरावयाचा, इतकीं कामें त्याच्याकडे असतात. घाव बसण्यापूर्वीं तो आवळतो, घाव बसतांच सैल होतो. लाकूड फिरवावयाचें झालें तर हात हत्यारावरून काढण्याची गरज नाहीं. टांच उचलली, लाकूड सरकलें, टांच टेकली. फिरवून आवळावयाचा शिकंजा एवढ्या वेळांत अर्धाहि सुटत नाहीं. आणखी एक गुण आहे. पटाशी लाकडांत किती खोल गेली हें तळव्यास कळतें. लाकूड पोकळ वाजूं लागलें, आंत गांठ आली, किंवा चीर जाऊं पाहत आहे, हें कानाआधीं पायास समजतें.

पायाचें बळ पुरेनासें होई तेथें जमीनच मदतीस येई. मातीच्या भुईंत दोन खुंट गाडावे, मधें लाकूड घालावें, आणि राहिलेल्या फटींत पाचर ठोकावी. घाव जितका पाचरेच्या बाजूस बसेल तितकी ती अधिकच आंवळते. वाटोळें लाकूड असेल तर तें झाडाच्या बेळक्यांत किंवा खांच पाडलेल्या दोन ठोकळ्यांवर ठेवावें. गाडीच्या चाकाचा तुंबा याचें उत्तम उदाहरण आहे. बाभळीच्या घट्ट गोल ओंडक्यास भोंवतीं सारख्या अंतरावर आऱ्यांचीं घरें पाडावयाचीं असतात. एक घर जरा तिरपें गेलें तर चाक डुलूं लागतें, आणि डुलणारें चाक काळ्या चिकण मातींत रुतलें म्हणजे बैलांचे हाल कुत्रा खात नाहीं. गोल ओंडका हा स्वभावतःच लोळणारा. त्यास दोन्ही अंगांनीं पाचरा मारून, एकेक घर पुरें होतांच पाचरा काढून, वाटोळा फिरवून, पुन्हां पाचरा मारून तो पुरा करावा लागे. वऱ्हाडचा कापूस ज्या गाड्यांतून बाजारास गेला त्यांच्या प्रत्येक चाकांत या पाचरांचा वांटा आहे.

आतां केवळ उपयोगाचें काम सोडून शोभेच्या कामाकडे वळूं. वऱ्हाडांत तें नव्हतें असें कोणी समजूं नये. कारंजें हें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें त्यांत गेलें. तेथील काष्ठासंघी जैन मंदिरांतील लाकडी कोरीव काम प्रसिद्ध आहे. १८०३ सालीं अडगांवची लढाई व गाविलगडचा पाडाव होईपर्यंत वऱ्हाडावर निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता. त्या भोसल्यांचा नागपूर येथील जुना राजवाडा काळ्या दगडाचा असून त्यांत लाकडी नक्षीची रेलचेल होती. १८६४ सालीं तो आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरील केळफुलें, तुळयांखालचे कोरीव हस्त, हीं जुन्या वाड्यांचीं भूषणें होत. एवढा मोठा खांब धरावयाचा कसा, याचें उत्तर सोपें आहे : त्यास धरावें लागतच नाहीं. तो आडवा घालून खांचेच्या ठोकळ्यांवर टेकला आणि बाजूनें पाचर दिली कीं त्याचें वजन हीच त्याची पकड. जड लाकूड कोरणाऱ्याचा मित्र असतें. अडचण असते ती लहान व हलक्या वस्तूंची.

अशी वस्तु आपल्यापैकीं पुष्कळांच्या लहानपणच्या आठवणींत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर प्रांतांत व वऱ्हाडांत तान्हा पोळा भरतो, आणि मुलें लांकडाचे बैल सजवून मिरवितात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या वेळीं, १८०६ सालीं, ही चाल नागपुरांत सुरू झाली असें सांगतात. मोठ्यांचे बैल खरे, मग मुलांनीं मागें कां राहावें, या वात्सल्यांतून निघालेली ही कल्पना आहे. हा लहानसा बैल कोरणें दिसतें तितकें सोपें नाहीं. वशिंड, पाठ व पोट गोल, पाय बारीक, शिंगें नाजूक. शिकंजांत धरावें तर धरावयास सपाट बाजूच नाहीं, आणि पायाखालीं दाबावें तर पाय मोडावयाचे. येथें कारागीर एक जुनी युक्ति योजतो, आणि ती जगांतील सर्व कोरणाऱ्यांस ठाऊक आहे. बैलास लागेल त्याहून अधिक लांकूड तो खालीं शिल्लक ठेवतो. वरचें डोकें, पाठ, वशिंड घडत असतांना हा खालचा ओबडधोबड ठोकळा पायाखालीं किंवा पाचरेंत अडकलेला राहतो. मग पोटाखालचा भाग पोखरावयाचा, पाय मोकळे करावयाचे, आणि अगदीं शेवटीं तो ठोकळा कापून टाकावयाचा, नाहींतर त्यासच चाकें लावून गाडा करावयाचा. शिंगें बहुधा वेगळीं करून भोंकांत बसवावीं, म्हणजे काम चालू असतां त्यांस धोका नको. मुलाच्या हातांत बैल येतो तेव्हां ज्या लाकडानें त्यास सर्व वेळ धरून ठेवलें त्याची कोणास आठवणहि राहत नाहीं.

तिसरें उदाहरण मेळघाटचें. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांत कोरकू लोकांची वस्ती आहे. मृताच्या नांवानें सिडोली नांवाचा विधि करून त्याच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभा करण्याची त्यांची चाल आहे. या स्तंभास मुंडा असें म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेले स्वार, नाचणाऱ्या माणसांच्या रांगा अशीं चित्रें उठावाचीं कोरलेलीं असतात. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयीं जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत कोरकूंच्या उत्तरक्रियेचें वर्णन आहे. सागाची जाड फळी भुईवर आडवी घातली म्हणजे ती आपल्याच भारानें जागीं राहते, आणि कोरणाऱ्यास तिच्यावर बसतां येतें, तिच्याभोंवतीं फिरतां येतें. येथें चित्र आणि धरण्याची रीत यांचें नातें अगदीं उघड दिसतें. जी वस्तु आडवी पडून एकाच बाजूनें कोरली जाते तिचीं चित्रें सपाट, उठावाचीं, रांगेनें मांडलेलीं अशींच व्हावयाचीं. आणि जी पायाच्या चिमटींत क्षणोक्षणीं फिरते ती बैलासारखी चहूंबाजूंनीं गोल व्हावयाची. नक्षीची शैली केवळ कारागिराच्या मनांतून निघते असें आपण म्हणतों. तिचा कांहीं भाग त्याच्या बैठकींतून निघतो.

ही बैठक मोडूं लागली ती १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें, १८६१ ते १८६५ या काळांत, कापसास अपूर्व भाव आला, आणि १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोंचलेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या गांवांवरून गेला. त्याच्या मागोमाग सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे वाफेचे कारखाने आले. कारखान्यांत दुरुस्तीची जागा एक, बाक पक्का, शिकंजा लोखंडी, आणि वेळ घड्याळाची. तेथें सुताराकडे गिऱ्हाईक चालत येई. म्हणून त्यास उभें राहतां आलें. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ सालीं व बडोद्याचें कलाभवन १८९० सालीं निघालें, आणि तंत्रशिक्षण ही एक स्वतंत्र विद्या झाली. वर्धा येथें १९३७ सालीं भरलेल्या परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रस्थानीं बसविण्याचा विचार मांडला. १९५० सालीं भारत सरकारनें कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, आणि पुढें अमरावती व अकोला येथेंहि औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. तेथें शिकणारा तरुण बाकाशीं उभा राहतो आणि शिकंजानें लाकूड आंवळतो. पायांत बूट घालणें हा तेथील पहिला नियम असतो, आणि तो योग्यच आहे.

योग्यच आहे असें मुद्दाम म्हणतों, कारण जुन्या गोष्टींचें कौतुक करतांना त्यांची किंमत कोणी दिली हें विसरण्याची आपणांस खोड आहे. वांकसाचा घाव पायाच्या रोखानें येतो. तो एक बोटभर चुकला कीं पेरणीच्या ऐन हंगामांत घरचा कर्ता महिना महिना अंथरुणास खिळावयाचा. गुडघे आणि कंबर चाळिशींतच बोलूं लागावयाचीं. शिवाय भुईवर बसणें ही प्रत्येक वेळीं कारागिराची आवडच होती असेंहि नाहीं. धनी ओटीवर, बलुतेदार अंगणांत, ही व्यवस्था त्यानें ठरविलेली नव्हती. ज्या मुलानें आपल्या बापाचे घट्टे पडलेले पाय पाहिले त्यानें बाकाशीं ताठ उभें राहून काम करावयाचें ठरविलें, तर त्यांत परंपरेचा अपमान झाला असें म्हणण्याचा अधिकार आपणांस, ज्यांनीं कधीं वांकस उचलला नाहीं त्यांस, मुळींच नाहीं.

तथापि एका गोष्टीचें दुःख होतें. बाक आला हें दुःखाचें कारण नव्हे. पायाचें ज्ञान कोणीं लिहून ठेवलें नाहीं, हें आहे. लाकडी चाकाच्या जागीं रबरी धावेची गाडी आली, लाकडी तिफनीच्या जागीं लोखंडी यंत्र आलें, आणि बलुत्याचा वाटा बंद झाला. वस्तुसंग्रहालयांत जुना वांकस व पटाशी कांचेच्या पेटींत ठेवितां येते; परंतु कोणत्या लाकडास टांच द्यावी, कोणत्यास चिमटा, पाचर कोणत्या अंगानें मारावी, बैलाचा ठोकळा केव्हां कापावा, हें त्या पेटींत मावत नाहीं. तें करतांना पाहावें लागतें, आणि करणारे हात व पाय आहेत तोंवरच पाहतां येतें. अमरावती, अकोला, अचलपूर, कारंजें या गांवांतील महाविद्यालयांतून इतिहासाचे विद्यार्थी ताम्रपट व बखरी शोधीत हिंडतात. त्यांच्यापैकीं एकानें जरी एक उन्हाळा एखाद्या वृद्ध वाढयाच्या शेजारीं बसून त्याच्या पायाचीं चित्रें काढलीं, प्रत्येक हालचालीस तो काय नांव देतो तें टिपून घेतलें, तरी वऱ्हाडच्या इतिहासांत एका प्रकरणाची भर पडेल. शोध उशिरां लागला तरी ताम्रपट जमिनींत वाट पाहत राहतो. मनुष्य तितका थांबत नाहीं.

सांप्रत देव्हारे व दरवाजे यांवरील नक्षी गणकयंत्राच्या हुकमतीनें चालणारें यंत्र कोरतें. फुलाची पाकळी त्यास शिकविली कीं तें ती हजार वेळां हुबेहूब काढतें. परंतु अशा साध्या कारखान्यांत पाहावयास गेलें तर प्रथम एक मनुष्य फळी मेजावर ठेवतांना दिसतो. तो ती चहूंबाजूंनीं चिमट्यांनीं आंवळतो, हातानें हलवून पाहतो, एका कोपऱ्याखालीं पातळशी पाचर सारतो, पुन्हां हलवून पाहतो, आणि मग कळ दाबतो. फळी जरा सुटली तर हजार रुपयांचें लाकूड आणि यंत्राचें पातें दोन्ही एका क्षणांत जातात, हें त्यास ठाऊक असतें. कोरण्याचें काम यंत्राकडे गेलें. लाकूड नीट धरलें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम अद्याप त्या मनुष्याकडेच आहे. तो ज्या सवयीनें फळी हलवून पाहतो ती त्याच्या आजोबांच्या टांचेंत होती.